वाचकांचे प्रश्न : राज्यघटना कोण बदलू शकतो आणि कोण अडवू शकतो?

राज्यघटनांचे प्रकार या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील बरीच पत्रे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची असून त्यांत लिखित-अलिखित, ताठर-लवचीक, संघराज्य-एकात्म, संसदीय-अध्यक्षीय अशा जोड्यांचा तक्ता मागितलेला आहे. तो तक्ता कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळतो, म्हणून येथे दिलेला नाही. शिवाय तो पाठ केल्याने एखाद्या देशाचा कारभार कसा चालतो हे उमगते, असे मला वाटत नाही. घटना कोणाला आणि किती बहुमताने बदलता येते, आणि तो बदल अडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. निवडक प्रश्नांची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे, असे सर्व पुस्तकांत वाचले. लिहिलेलीच नाही, तर तेथील न्यायाधीश निकाल कशाच्या आधारे देतात? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : ‘अलिखित’ हे वर्णन ढोबळ आहे. ब्रिटनच्या घटनेचा मोठा भाग लिहिलेलाच आहे. तो एका ग्रंथात एकत्र केलेला नाही, इतकेच. 1215 चा मॅग्ना कार्टा, राजाच्या अधिकारांना लगाम घालणारा 1689 चा हक्कांचा कायदा, राजगादीच्या वारसाहक्काविषयीचा 1701 चा कायदा, हाउस ऑफ लॉर्ड्सचा बहुतेक विधेयकांवरील नकाराधिकार काढून त्याला केवळ विलंब करण्याची मुभा ठेवणारा 1911 चा पार्लमेंट कायदा आणि 1998 चा मानवी हक्क कायदा हे सारे छापील दस्तऐवज आहेत. त्यांच्या जोडीला न्यायालयांचे निर्णय आणि वर्षानुवर्षे पाळले गेलेले संकेत येतात.

खरा फरक लेखनाचा नसून दर्जाचा आहे. ब्रिटनमध्ये घटनात्मक कायदा आणि साधा कायदा यांच्या दुरुस्तीची रीत एकच आहे. पार्लमेंटची मुदत पाच वर्षांची निश्चित करणारा कायदा 2011 मध्ये झाला आणि 2022 मध्ये तो नेहमीच्या बहुमताने रद्दही झाला. त्यासाठी दोन-तृतीयांश मते किंवा सार्वमत लागले नाही. याचा अर्थ तेथे सरकारला कोणी अडवूच शकत नाही, असा मात्र नाही. 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने पार्लमेंटचे अधिवेशन सुमारे पाच आठवड्यांसाठी स्थगित करविले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. न्यायालय सरकारच्या कृतीला रोखू शकते. पार्लमेंटने केलेला कायदा ते रद्द करू शकत नाही. न्यूझीलंड आणि इस्रायल या देशांतही घटना एका दस्तऐवजात बांधलेली नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. आपल्या इतक्या सविस्तर घटनेतही पुष्कळ काही संकेतांवर सोपवलेले होते. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावे, हे बंधन मूळ अनुच्छेद 74 मध्ये स्पष्ट शब्दांत नव्हते. ते 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आले आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने झाली. त्याआधीची पंचवीस-सव्वीस वर्षे हा गाडा ब्रिटिश धर्तीच्या संकेतावरच चालला होता.

प्रश्न : आमच्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचा आणि संविधानाचा काही संबंध आहे का? (एक वाचक, यावल)

उत्तर : आहे, आणि तो बराच जवळचा आहे. डिसेंबर 1936 मधले हे अधिवेशन खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून सर्वांना ठाऊक असते. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते, हेही ठाऊक असते. तेथे झालेल्या ठरावाची आठवण मात्र कमी काढली जाते. 1935 चा भारत सरकार कायदा, म्हणजेच ब्रिटिश पार्लमेंटने भारतासाठी केलेली घटना, त्या ठरावाने नाकारली आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीनेच देशाची घटना तयार करावी, अशी मागणी केली.

प्रत्यक्षात घडले ते थोडे निराळे. 9 डिसेंबर 1946 रोजी जिची पहिली बैठक झाली, त्या घटना समितीचे प्रांतांतील सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले होते आणि त्या विधिमंडळांचे मतदार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होते. फैजपूरला धिक्कारलेल्या 1935 च्या कायद्यातील कारभारविषयक तरतुदीही नव्या घटनेत मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यावरून टीका झाली, तेव्हा 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते, असे उत्तर दिले होते. ते उत्तर मला पटते, कारण उसने घेतलेल्या तरतुदींच्या शेजारी 1935 च्या कायद्यात नसलेले मूलभूत हक्क आणि सर्व प्रौढांचा मताधिकार बसवलेला होता.

घटना कोणी घडवली, यावरूनही खरे तर वर्गवारी करता येते, पण पुस्तके ती सहसा करत नाहीत. जपानच्या घटनेचा मसुदा फेब्रुवारी 1946 मध्ये जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखालच्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी साधारण आठवडाभरात तयार केला. आयर्लंडने 1937 मध्ये आपली घटना सार्वमताने स्वीकारली. नेपाळने 2008 आणि 2013 अशा दोन वेळा घटना समिती निवडली, तेव्हा कुठे 20 सप्टेंबर 2015 रोजी घटना जाहीर झाली.

प्रश्न : अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत 27 दुरुस्त्या झाल्या आणि आपल्या घटनेत पाऊणशे वर्षांत शंभराहून अधिक. मग आपली घटना लवचीक म्हणायची की कच्ची? (निवृत्त शिक्षक, शहादा)

उत्तर : दुरुस्त्यांची संख्या मोजून घटनेची प्रकृती कळत नाही, हे प्रथम सांगतो. आपल्याकडे 2023 पर्यंत 106 दुरुस्त्या झाल्या हे खरे. परंतु मूळ 395 अनुच्छेद आणि 8 अनुसूची असलेल्या आपल्या घटनेत असे कितीतरी तपशील आहेत की जे इतर देश साध्या कायद्यात ठेवतात. तपशील जितका अधिक, तितकी दुरुस्तीची वेळ अधिक. जर्मनीची 1949 ची घटनाही सविस्तर आहे आणि तिच्यातही साठाहून अधिक वेळा दुरुस्ती झालेली आहे. तिला कोणी कच्ची म्हणत नाही.

अमेरिकेत दुरुस्तीसाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि 50 पैकी 38 राज्यांची संमती मिळवावी लागते. 27 वी दुरुस्ती 1789 मध्ये मांडली गेली आणि 1992 मध्ये मंजूर झाली, यावरून ती वाट किती अवघड आहे याची कल्पना येईल. पण म्हणून अमेरिकेची घटना बदलली नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. वर्णानुसार वेगवेगळी व्यवस्था ठेवणे घटनेला धरून आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये म्हटले. 1954 मध्ये त्याच न्यायालयाने शाळांच्या बाबतीत त्याच्या नेमके उलट सांगितले. मधल्या काळात त्या कलमातला एकही शब्द बदललेला नव्हता. जपानची घटना 3 मे 1947 पासून लागू आहे आणि तिच्यात आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही. तिचा अनुच्छेद 9 सैन्य बाळगण्यास मनाई करतो; तरीही 1954 पासून जपानपाशी स्वसंरक्षण दले आहेत आणि 2014 मध्ये तेथील मंत्रिमंडळाने त्या अनुच्छेदाचा अर्थ आणखी सैल केला. जेथे दुरुस्तीचे दार फार जड असते, तेथे अर्थ लावणाऱ्यांचे काम वाढते. मला विचाराल तर, संसदेत उघडपणे चर्चा होऊन, मतदान होऊन झालेली दुरुस्ती ही मंत्रिमंडळाने बंद खोलीत बदललेल्या अर्थापेक्षा केव्हाही बरी.

आता आपली घटना ताठर की लवचीक, म्हणजे बदलायला अवघड की सोपी? याचे एका शब्दात उत्तर नाही, कारण तिच्यात तीन वाटा आहेत. बहुतेक तरतुदी बदलण्यासाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबा लागतो. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणणाऱ्या 1988 च्या 61 व्या दुरुस्तीलाही असे बहुमत मिळवावे लागले. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्यांमधील विषयांची वाटणी, उच्च न्यायालये, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द दुरुस्तीची रीत यांना हात लावायचा असेल, तर त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही घ्यावी लागते. वस्तू व सेवा कराची 2016 ची 101 वी दुरुस्ती राज्यांकडून अशीच संमत करून घ्यावी लागली.

तिसरी वाट सर्वांत सोपी आहे आणि ती खान्देशाने स्वतः अनुभवलेली आहे. अनुच्छेद 3 अन्वये नवे राज्य निर्माण करणे किंवा राज्याच्या सीमा बदलणे हे संसद साध्या बहुमताच्या कायद्याने करू शकते. राष्ट्रपती संबंधित विधिमंडळाचे मत मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा त्याच कायद्याच्या अनुसूचीत नावे घालून त्या वेळच्या पश्चिम खान्देश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतील काही गावे गुजरातेत घालण्यात आली. घटनादुरुस्ती म्हणून त्याची कोठेही मोजणी होत नाही. अनुच्छेद 4 मध्येच तसे म्हटले आहे. 2014 मध्ये आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगण झाले. अमेरिकेत एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे असेल तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती अनिवार्य असते. मतदानाचे वय बदलायला दोन-तृतीयांश बहुमत आणि गावाचे राज्य बदलायला साधे बहुमत, हा आपल्या घटनेचा क्रम पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. फाळणी नुकतीच झालेली, शेकडो संस्थाने विलीन होत असलेली आणि राज्यांच्या सीमा अद्याप कच्च्या असलेली 1949 ची परिस्थिती डोळ्यांपुढे आणली, तर त्याचे कारण कळते.

प्रश्न : दोन-तृतीयांश बहुमत हाती असले, तर संसद घटनेत काहीही बदलू शकते का? (विधी शाखेचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : नाही. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 अशा मतांनी ठरवले की संसदेला घटनेचा कोणताही अनुच्छेद दुरुस्त करता येईल, परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. जर्मनीत अशी मर्यादा घटनेतच आहे. 1933 मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा जर्मनीच्या त्या वेळच्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेच्या दोन-तृतीयांश बहुमताच्या अटीतून रीतसर पार झाला होता. त्या अनुभवामुळे 1949 च्या जर्मन घटनेने मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्याची रचना यांना दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवले. फ्रान्सच्या 1958 च्या घटनेनुसार शासनाचे प्रजासत्ताक स्वरूप बदलता येत नाही. आपल्या घटनाकारांनी असे कलम लिहिलेले नव्हते. न्यायालयाने ते घटनेच्या एकूण आशयातून काढले आणि त्यामुळेच या सिद्धांतावर आजही आक्षेप घेतले जातात.

एका मताच्या फरकाने इतका मोठा निर्णय व्हावा, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. मात्र निर्णयानंतर दोनच वर्षांनी काय घडले तेही पाहावे. 1975 च्या 39 व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेला आणि त्यासाठीचे बहुमत नियमाप्रमाणे मिळालेलेही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. ज्या निवडणुकीचा वाद होता, ती निवडणूक न्यायालयाने वैधच ठरवली, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण निकालाचा हा अर्धा भाग बहुधा सांगितला जात नाही.

प्रश्न : केळीच्या प्रश्नावर दिल्लीत गेलो तर शेती हा राज्याचा विषय आहे म्हणतात आणि मुंबईत गेलो तर केंद्राकडे जा म्हणतात. घटनेत नेमके काय लिहिले आहे? (केळी उत्पादक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : दोघेही अर्धे खरे बोलतात आणि गैरसोयीचा अर्धा भाग गाळतात. सातव्या अनुसूचीत ‘केळी’ असा विषय नाही. तुमच्या घडाच्या प्रवासाचे तुकडे तिच्यातील तीन सूचींत विखुरलेले आहेत: केंद्राची संघसूची, राज्यसूची आणि दोघांची समवर्ती सूची. मळ्यातली लागवड, कीड आणि रोग हा शेतीचा भाग राज्यसूचीतील 14 व्या नोंदीत येतो. बाजार समिती 28 व्या नोंदीत, म्हणजे राज्याकडेच. विहिरीचे आणि कालव्याचे पाणी 17 व्या नोंदीनुसार राज्याकडे. पण तापीसारख्या एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नदीचे नियमन लोकहितार्थ आपल्या हाती घेण्याचा अधिकार संघसूचीतील 56 वी नोंद संसदेला देते. माल सावद्याहून रेल्वेने उत्तरेकडे निघाला की रेल्वे आणि आंतरराज्य व्यापार या दोन्ही बाबी केंद्राच्या. परदेशी निर्यात केंद्राची. विमा हा विषयही संघसूचीत आहे, मात्र फळपीक विम्याच्या हप्त्यात केंद्राबरोबर राज्याचाही वाटा असल्याने तेथे दोन्ही दारे ठोठवावी लागतात.

यापेक्षा गुंतागुंतीची आहे ती समवर्ती सूचीतील 33 वी नोंद. 1954 च्या तिसऱ्या दुरुस्तीने तिचा विस्तार झाला आणि खाद्यपदार्थ, तेलबिया, गुरांचा चारा, कच्चा कापूस यांचा व्यापार, उत्पादन आणि पुरवठा यांवर केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येऊ लागले. दोघांचे कायदे एकमेकांच्या विरोधात गेले, तर अनुच्छेद 254 नुसार सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. 2020 मधील आणि पुढल्याच वर्षी मागे घेतलेल्या शेतीविषयक कायद्यांसाठी केंद्राने याच नोंदीचा आधार सांगितला होता. राज्यांचे म्हणणे असे की बाजार समित्या आणि शेती आमच्या सूचीत आहेत. तो वाद घटनेच्या दृष्टीने शेवटास गेलाच नाही. म्हणून निवेदन देताना केवळ ‘केळी’ असे न लिहिता नेमके काय हवे आहे, वॅगन, विम्याचे निकष की बाजार समितीतील तोलाई, हे ठरवावे; त्यावरून कार्यालय ठरते.

सूची लिहून ठेवल्याने वाटणी कायमची होते, असेही समजू नये. अमेरिकेच्या घटनेत केंद्राचे अधिकार मोजके सांगितलेले आहेत आणि उरलेले राज्यांकडे आहेत. आपल्याकडे शेषाधिकार अनुच्छेद 248 अन्वये केंद्राकडे आहेत, एवढ्यावरून अमेरिकेतील राज्ये फार बलवान असावीत असे वाटते. तरीही ओहायो राज्यातील फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त गहू पेरला आणि तो आपल्याच घरच्या वापरासाठी आहे असे सांगितले, तेव्हा 1942 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने त्याला केलेला दंड योग्य ठरवला. असा गहू बाजारातली मागणी कमी करतो आणि त्याचा परिणाम आंतरराज्य व्यापारावर होतो, हे त्यामागचे कारण. स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या जनावरांना घालायचा दाणासुद्धा केंद्राच्या कक्षेत आला आणि घटनेचे शब्द होते तसेच राहिले.

प्रश्न : आपल्याकडे अध्यक्षीय पद्धत आणली तर निर्णय भराभर होतील, असे अनेकजण म्हणतात. आपले मत? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : माझे मत प्रतिकूल आहे. अध्यक्ष एका पक्षाचा आणि कायदेमंडळ दुसऱ्या पक्षाचे असले की अमेरिकेत अंदाजपत्रकही अडते. 2018-19 मध्ये तेथील केंद्र सरकारचे काही विभाग 35 दिवस बंद होते. आपल्या शेजारी श्रीलंकेने 1978 मध्ये बलाढ्य अध्यक्षपद निर्माण केले आणि नंतर 2015 मध्ये त्याचे अधिकार कमी केले, 2020 मध्ये वाढवले, 2022 मध्ये पुन्हा कमी केले. स्थैर्य आणि जबाबदारी यांपैकी एकाला झुकते माप द्यावे लागते आणि घटनेच्या मसुद्याने जबाबदारी निवडली आहे, हे डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्येच सांगून ठेवले होते.

प्रश्न : आमचा तालुका पाचव्या अनुसूचीत आहे, असे ग्रामसभेत नेहमी सांगितले जाते. याचा अर्थ आमच्यासाठी वेगळी घटना आहे का? (ग्रामसभेची कार्यकर्ती, धडगाव)

उत्तर : घटना एकच आहे, पण ती सर्व ठिकाणी सारखी लागू होत नाही. अक्राणी (म्हणजे तुमचा धडगाव), अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके, तसेच खान्देशातील इतर काही तालुक्यांतील गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. या क्षेत्राला संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू होणार नाही, अथवा बदल करून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. जमिनीचे हस्तांतर आणि सावकारी यांवर ते जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करून स्वतंत्र नियमही करू शकतात. अशा नियमांना राष्ट्रपतींची संमती लागते. ईशान्येकडील सहावी अनुसूची याहून निराळी आहे; तेथे निवडून आलेल्या स्वायत्त जिल्हा परिषदांनाच काही विषयांवर कायदे करता येतात. पाचव्या अनुसूचीत तो अधिकार लोकांकडे नसून राज्यपालांकडे आहे, आणि माझ्या मते हेच तिचे मोठे दुबळेपण आहे.

ते काही अंशी भरून काढण्यासाठी 1996 चा पेसा कायदा आला. पंचायतींविषयीचा घटनेतील भाग अनुच्छेद 243ड नुसार अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नव्हता. तो पेसाने काही बदलांसह लागू केला. गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी, गौण खनिजांच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आणि भूसंपादनाआधी त्यांच्याशी विचारविनिमय, या त्यातील महत्त्वाच्या गोष्टी. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हा फरक ग्रामसभेत ठराव लिहिताना ध्यानात ठेवावा. राज्याचे नियम 2014 मध्ये झाले असून त्यांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची तरतूद आहे. ज्या पाड्यांनी अद्याप तसा ठराव केलेला नाही, त्यांनी तो करावा.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाचव्या अनुसूचीच्या सातव्या परिच्छेदानुसार संसद ही अनुसूची साध्या कायद्याने बदलू शकते आणि असा कायदा अनुच्छेद 368 खालील घटनादुरुस्ती मानला जात नाही; शिवाय सहाव्या परिच्छेदानुसार एखादे क्षेत्र किंवा त्याचा भाग अनुसूचित राहणार नाही, असे राष्ट्रपती आदेशाने ठरवू शकतात. म्हणजे लिखित आणि पुष्कळ अंशी ताठर अशा घटनेच्या आत तुमच्या तालुक्याचे संरक्षण मात्र सर्वांत लवचीक भागात ठेवलेले आहे. अशा प्रस्तावांची बातमी आली, तर दोन-तृतीयांश बहुमताचा अडसर मध्ये येईल असे गृहीत धरू नये. हरकत नोंदवायची असेल तर ती विधेयक किंवा आदेश प्रस्तावाच्या पातळीवर असतानाच नोंदवावी लागेल.